उभा ट्रॅक्टर आणि चालते व्याज

बैल दावणीला उभा राहिला की घरधन्याला त्याचा विसर पडत नाही. त्याला वैरण घालावी लागते, पाणी दाखवावे लागते, आणि दुखले-खुपले तर तो हंबरून सांगतो. ट्रॅक्टर हंबरत नाही. तो पडवीत मुकाट्याने उभा असतो, आणि म्हणूनच त्याची आठवण पेरणी तोंडावर आल्यावाचून कोणास होत नाही. त्या दिवशी किल्ली फिरवावी तो बॅटरी मेलेली, टायर बसलेले, डिझेलच्या नळीत हवा आणि आत कोठेतरी उंदराचे बिऱ्हाड! मिस्त्री दोन गावे पलीकडे अडकलेला असतो, वाफसा निघून जात असतो, आणि बँकेचे व्याज मात्र एक दिवसही विश्रांती घेत नाही. म्हणून या वेळी काम नसलेल्या ट्रॅक्टरची निगा आणि त्याला पुन्हा कामावर आणण्याची रीत यांविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

सयाजीगंजात बसून ट्रॅक्टरविषयी लिहावे, यात वावगे असे काही नाही. रेल्वे स्टेशनालगतच्या या भागाला ज्यांचे नाव लाभले, त्या सयाजीराव महाराजांच्या राज्यात १८९० साली बडोद्यास कलाभवन निघाले, ते हाताने काम करणाऱ्याला यंत्राचे शास्त्र कळावे म्हणून. पुढे याच शहराच्या विश्वामित्री भागात हिंदुस्तान ट्रॅक्टर्सचा कारखाना उभा राहिला, आणि १९६३ च्या सुमारास तेथे चेकोस्लोव्हाकियातील झेटर ट्रॅक्टरच्या धर्तीवर ट्रॅक्टर तयार होऊ लागले. १९७८ साली तो गुजरात सरकारकडे जाऊन गुजरात ट्रॅक्टर कॉर्पोरेशन झाला. १९९९ साली महिंद्र समूहाने त्यात मोठा भाग घेतला. आणि २०१७ साली त्या कंपनीने ग्रोमॅक्स हे नाव धारण केले. कंपनीची नावे बदलली, मालक बदलले; तथापि जुन्या ट्रॅक्टरांपैकी ज्यांची निगा राखली गेली ते दीर्घकाळ टिकले, आणि ज्यांची राखली गेली नाही त्यांचे भंगार झाले. यंत्राचे आयुष्य कारखान्यात जितके ठरते, तितकेच ते शेतकऱ्याच्या पडवीत ठरते.

ट्रॅक्टर उभा का राहतो?

पहिले कारण ऋतूचे. पेरणी वा चिखलणी आटोपली की श्रावण-भाद्रपदात शेतात चाक घालण्याची सोय नसते, आणि ट्रॅक्टर दोन-अडीच महिने जागचा हलत नाही. दुसरे कारण कुटुंबाचे असते, आणि ते अधिक अवघड. चालविणारा मुलगा आखातात नोकरीस गेला, घरचा कर्ता पुरुष आजारी पडला किंवा देवाघरी गेला, भावाभावांत वाटणी अडली, तर ट्रॅक्टर सहा महिने, वर्ष, दोन वर्षेदेखील उभा राहतो. अशा घरी मागे राहिलेल्या माउलीला ‘असू दे उभा, खातो का काय तो?’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. आमचे म्हणणे असे की, तो खातो. आणि गुपचूप खातो.

म्हणून पहिला विचार असा करावा : ट्रॅक्टर पुन्हा लागणार आहे काय? वर्ष-दोन वर्षे लागणार नसेल आणि हप्ते डोईवर असतील, तर तो चालू स्थितीत असतानाच विकावा, अथवा विश्वासातील माणसाकडे कराराने चालवावयास द्यावा. चालत्या ट्रॅक्टरची किंमत आणि ‘सुरू होत नाही’ अशा ट्रॅक्टरची किंमत यांत मोठे अंतर असते. परंतु तो पुन्हा लागणार असेल, तर त्याला नुसता उभा करू नये. नीट विसाव्यास बसवावा. या दोहोंत अर्ध्या दिवसाच्या कामाचे अंतर आहे.

त्याचे शत्रू कोण?

पहिला शत्रू ओलावा. अर्धी रिकामी डिझेलची टाकी रात्री थंड होते. आतल्या दमट हवेचे थेंब पत्र्यावर जमतात आणि ओघळून खाली जातात. पाणी डिझेलहून जड असल्यामुळे ते तळाशी बसते. तेथे गंज धरतो, आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्म जंतू वाढून बुळबुळीत साका तयार होतो. हाच साका पुढे फिल्टर तुंबवितो, आणि ते पाणी पंपात शिरले तर पंपाच्या अतिसूक्ष्म घडणीची नासाडी करते. पंप आणि नोझल यांची दुरुस्ती किती महाग पडते, हे ज्यांनी एकदा करविली आहे त्यांस सांगावयास नको.

दुसरा शत्रू जुने इंजिन-तेल. वापरलेल्या तेलात काजळी, पाण्याचा अंश आणि आम्ल साठलेले असते. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलात गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत १० भागांपर्यंत खाली आले, त्यामुळे आम्ल पूर्वीइतके होत नाही, हे खरे. तरी काळे झालेले तेल महिनोन् महिने बेअरिंगवर बसू देणे हिताचे नाही.

तिसरा शत्रू उंदीर. ट्रॅक्टरशेजारी कोंडा, भुसा, कडबा वा धान्याची पोती रचणे म्हणजे त्याला आवतण देणे होय. तो वायरी कुरतडतो, हवेच्या नळीत घरटे करतो. आणि उंदरामागोमाग साप येतो. चौथा शत्रू आपण स्वतः आणून ठेवतो, तो म्हणजे खताची पोती. युरिया आणि इतर रासायनिक खते हवेतला ओलावा ओढून घेतात आणि लोखंडाला झपाट्याने गंज चढवितात. कोंबड्यांनाही बॉनेटवर बसू देऊ नये. त्यांची विष्ठा रंग खाते.

विसाव्यास बसविण्याची रीत

प्रथम ट्रॅक्टर स्वच्छ धुवावा. चिखल हा पाणी धरून ठेवणारा स्पंज आहे, हे ध्यानी घ्यावे. मात्र पाण्याचा जोराचा फवारा डायनॅमो, सेल्फ, वायरींचे जोड आणि हवेचा फिल्टर यांवर मारू नये. रेडिएटरच्या जाळीतील भुसा आतून बाहेर हळूच काढावा. उन्हात पूर्ण वाळल्यावर सर्व निपलांना ग्रीस गनने ग्रीस भरावे, जुने ग्रीस आणि त्याबरोबर शिरलेले पाणी बाहेर पडेपर्यंत. पी.टी.ओ. शाफ्ट, हायड्रॉलिकचे उघडे दांडे आणि नांगराचे घासून चकचकीत झालेले फाळ यांवर ग्रीसचा हात फिरवावा.

मग इंजिन चालवून गरम करावे आणि तेल गरम असतानाच काढून टाकावे. म्हणजे तळचा गाळ त्याबरोबर निघून येतो. नवा फिल्टर बसवून नवे तेल भरावे आणि पाच मिनिटे इंजिन चालवावे, म्हणजे सर्व भागांवर ताज्या तेलाचा थर बसेल. पुष्कळ लोक म्हणतात, ‘पेरणीच्या वेळी बदलू, आता कशाला?’ आमचा सल्ला याच्या उलट आहे. तेल विसाव्याच्या आधी बदलावे, नंतर नव्हे.

डिझेलची टाकी गळ्यापर्यंत भरावी. हवेला जागा नाही तर ओलावा कोठून येणार? फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून साठलेले पाणी काढून टाकावे. चांगल्या अवस्थेत डिझेल सहा महिने ते वर्षभर टिकते. त्याहून दीर्घकाळ ट्रॅक्टर उभा राहावयाचा असेल, तर तो पुन्हा काढतेवेळी जुने डिझेल उपसून नवे घालणे बरे.

रेडिएटरात कूलंट असेल तर ते पातळीपर्यंत भरून तसेच राहू द्यावे. त्यात गंजरोधक द्रव्य असते. आपल्याकडे पाणी गोठण्याची भीती नाही म्हणून कूलंट नको, असा समज आहे, तो चुकीचा होय. गंज आणि क्षार यांपासून रक्षण हेच आपल्याकडे त्याचे मुख्य काम. नुसते विहिरीचे पाणी असेल तर ते इंजिनच्या बाजूच्या तोटीसह पूर्ण काढून टाकावे, आणि स्टिअरिंगला ठळक अक्षरांची पाटी बांधावी : ‘रेडिएटरात पाणी नाही.’ ही पाटी विसरल्यामुळे एखाद्या उत्साही पाहुण्याने इंजिन जाळून टाकावे, असा प्रसंग कोणावर न येवो.

सायलेन्सरचे तोंड आभाळाकडे असते. त्यातून पावसाचे पाणी उघड्या व्हॉल्व्हवाटे थेट सिलिंडरात उतरू शकते. खेड्यात त्यावर उपडा डबा घालण्याची चाल आहे, ती उत्तम आहे. मात्र डबा वाऱ्याने उडणार नाही असा बांधावा. हवेच्या फिल्टरचे तोंडही तेलकट कापडाने बंद करावे. जुन्या पद्धतीच्या फिल्टरात तेलाची वाटी असते. ती धुऊन नव्या तेलाने भरून ठेवावी. जे जे झाकले, त्याची नोंद त्या स्टिअरिंगवरील पाटीवर करावी.

बॅटरी काढताना आधी ऋण बाजूची तार सोडावी, मग धन बाजूची. तिची पाण्याची पातळी डिस्टिल्ड वॉटरने पुरी करून, पूर्ण चार्ज करून, लाकडी फळीवर, सावलीत, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावी. बॅटरी काही न करताही हळूहळू उतरते आणि उतरलेली राहिली की आतील पत्रे कायमचे निकामी होतात. म्हणून महिन्यातून एकदा ती तपासावी. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी विसाव्यात सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते; १२.४ च्या खाली गेली की पुन्हा चार्ज करावी. चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून जवळ विडी, दिवा वा ठिणगी नको.

टायरांवरचा भार हलका करण्यासाठी धुऱ्याखाली जाड लाकडी ठोकळे द्यावे. विटा देऊ नयेत. वीट केव्हा फुटेल याचा भरवसा नाही. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरखाली कोणीही, क्षणभरही, शिरू नये. ठोकळे देणे जमत नसेल तर टायरांत हवा नीट भरून ठेवावी आणि महिन्यातून एकदा ट्रॅक्टर थोडा पुढे-मागे ढकलावा. टायरांवर ऊन आणि तेल पडू देऊ नये.

आता एक बारीक परंतु महत्त्वाची गोष्ट. क्लचचे पेडल खाली दाबून लाकडाच्या तुकड्याने अडकवून ठेवावे. तसे न केल्यास दमट दिवसांत क्लचची प्लेट चिकटून बसते, आणि पुढे पेडल दाबूनही गिअर सुटत नाही. हायड्रॉलिकचे हात खाली सोडावे, अवजार जमिनीवर टेकवावे, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, चाकांना पुढून-मागून उटी लावावी, आणि किल्ली काढून घरात ठेवावी. उभ्या ट्रॅक्टरवर चढून खेळणे हा मुलांचा आवडता उद्योग आहे. किल्ली घरात असली की निदान एक अनर्थ टळतो.

विम्याविषयीही एक शब्द. ‘चालवीत नाही, मग विमा कशाला?’ असे म्हणून तो बंद करू नये. चोरी, आग आणि पूर ही संकटे उभ्या ट्रॅक्टरवरही येतात.

दर आठवड्याला सुरू करावा काय?

हा प्रश्न हमखास विचारला जातो. घरातील एखादे वडीलधारे माणूस दर रविवारी ट्रॅक्टर पाच मिनिटे ‘गुरगुरवून’ बंद करते आणि त्याची सेवा केल्याचे समाधान मानते. हेतू चांगला, परिणाम उलटा. इंजिन थंड असताना डिझेल जळून जी वाफ होते, ती सिलिंडरात आणि सायलेन्सरात पाणी होऊन राहते. इंजिन पूर्ण तापले तरच ती निघून जाते. म्हणून सुरू करावयाचाच तर अर्धा तास, थोडे चालवून, चांगला गरम होईपर्यंत चालवावा. नाही तर नीट बांधून ठेवल्यावर त्याला मुळीच छेडू नये.

पुन्हा जोडताना

पेरणीच्या आदल्या दिवशी नव्हे, निदान पंधरा दिवस आधी हे काम हाती घ्यावे. म्हणजे एखादा भाग आणावा लागला तर वेळ असतो. प्रथम पाटी वाचावी आणि झाकलेले सर्व काढावे. बॉनेटखाली हात घालण्यापूर्वी काठीने आवाज करून, बॅटरीच्या प्रकाशात नीट पाहावे. घरटे असेल, साप असेल. वायरी कुरतडलेल्या नाहीत ना, पट्टा चिरलेला नाही ना, टायरांना भेगा नाहीत ना, हे पाहावे. तेलाची पट्टी काढून पाहावी. तेल दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे असे समजून इंजिन फिरवू नये, मिस्त्रीला बोलवावे. रेडिएटर भरावे. फिल्टरच्या तळचे पाणी काढावे. क्लचचा ठोकळा काढावा. बॅटरी जोडताना आता आधी धन बाजू, मग ऋण बाजू.

डिझेलच्या नळीत हवा शिरली असेल तर ती काढावी लागते. जुन्या पद्धतीच्या ट्रॅक्टरात फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारीत राहावे. बुडबुडे थांबून निखळ धार आली की स्क्रू आवळावा, आणि मग तेच पंपाच्या स्क्रूवर करावे. नोझलकडे जाणाऱ्या बारीक नळ्यांतून येणारी धार मात्र बोटाने कधीही अजमावू नये. तिचा दाब इतका असतो की डिझेल कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण हात गमावण्याची पाळी येते. असे झाल्यास क्षणाचाही विलंब न लावता इस्पितळ गाठावे. ५० अश्वशक्तीहून मोठ्या नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले, आणि त्यांतील अनेकांत इंधनाचा कारभार संगणकाकडे आहे. त्यांच्या नळ्यांना घरी हात लावूच नये.

यानंतर डिझेल बंद करण्याचा दांडा ओढून धरून सेल्फ दहा सेकंद फिरवावा, मिनिटभर थांबावे, आणि असे दोन-तीनदा करावे. इंजिन सुरू न होता फिरते आणि कोरड्या पडलेल्या बेअरिंगपर्यंत तेल पोहोचते. मगच ते खरोखर सुरू करावे. तेलाचा दाब दाखविणारा काटा वर आला पाहिजे, अथवा दिवा विझला पाहिजे; नाही तर तत्काळ बंद करावे. पहिली पाच मिनिटे इंजिन मंद चालू द्यावे, रेस करू नये. रस्त्यावर नेण्यापूर्वी दोन्ही ब्रेक एकत्र जोडून मोकळ्या जागी तपासावे, चाकांचे नट आवळावे, आणि ट्रॉलीच्या मागे लाल चकाकणारी पट्टी आहे की नाही ते पाहावे.

दोन गोष्टी आम्ही आग्रहाने सांगतो, कारण त्यांत जीव जातो. पहिली : किल्लीने सुरू होत नाही म्हणून जमिनीवर उभे राहून सेल्फच्या दोन टोकांवर पाना वा स्क्रूड्रायव्हर टेकवू नये. गिअर पडलेला असला तर ट्रॅक्टर त्याच क्षणी झेप घेतो आणि मागचे चाक समोर उभ्या असलेल्या माणसावरून जाते. ट्रॅक्टर बसूनच सुरू करावयाचा असतो. दुसरी : बंद खोलीत इंजिन चालवू नये. त्याच्या धुरातील विषारी वायूला ना रंग असतो, ना वास.

पुराचे पाणी लागले तर

विश्वामित्रीच्या काठच्या लोकांस हे सांगणे अवश्य आहे. ३१ जुलै २०१९ च्या अतिवृष्टीत आणि पुन्हा ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस या नदीने काठ सोडला, आणि शहराचे सखल भाग पाण्याखाली गेले. पावसाळ्यापूर्वीच ट्रॅक्टर उंच जागी नेऊन ठेवणे, हा पहिला उपाय. तरीही इंजिन बुडाले, तर पाणी ओसरल्यावर ‘बघू तरी चालतो का’ म्हणून किल्ली फिरविणे हाच सर्वांत मोठा घात. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरात पाणी असताना इंजिन फिरविले तर आतला दांडा वाकतो किंवा तुटतो. बॅटरी सोडावी, नुकसानीची छायाचित्रे काढून विमा कंपनीस कळवावे, आणि मिस्त्रीकडून नोझल उतरवून पाणी काढवावे. इंजिन, गिअर आणि हायड्रॉलिक, सर्वांचे तेल बदलावे. हे जितक्या लवकर होईल तितका गंज कमी.

वाचकहो, वर सांगितलेल्या बहुतेक कामांस ना मोठा खर्च लागतो, ना मोठी विद्या. आपल्या ट्रॅक्टरबरोबर मिळालेली पुस्तिका पेटीच्या तळाशी पडली असेल, ती काढून वाचावी. तिच्यात आणि आमच्या लेखात कोठे भेद आढळला तर पुस्तिकेचे ऐकावे. आणखी एक करावे. हे ज्ञान घरातील एकाच माणसाजवळ राहू देऊ नये. मुलगा परगावी निघण्यापूर्वी त्याने आईला, पत्नीला, धाकट्या भावंडांना ठोकळे कोठे द्यावयाचे आणि पाटीवर काय लिहावयाचे ते दाखवून जावे. घामाच्या पैशांनी आणि कर्जाच्या ओझ्याने घरी आलेली वस्तू सांभाळणे हाही संसाराच्या कारभाराचाच भाग आहे. आणि तो कारभार करणारा हात परत येईपर्यंत त्याचा ट्रॅक्टर त्याची वाट पाहत धडधाकट उभा असावा, एवढीच आमची इच्छा.